थांबा, आधी कुहीला चला!

सांगूनच टाकते, माझ्या पोटात हे आता राहणार नाही! सायकल काढा आणि कुही तालुक्यात या! हो, कुहीच! नागपूरहून उमरेडच्या रस्त्याला लागलं की एक फाटा येतो आणि आपली बस भर्रकन पुढे निघून जाते ना, त्या फाट्यावरून आत जाणारी कुही! तिथं काय आहे म्हणता? अहो, काय नाही ते विचारा! दोन हजार वर्षांपूर्वीचं तटबंदीचं शहर आहे! वाकाटक राजांचे ताम्रपट निघालेलं गाव आहे! पाच नद्यांचा संगम आहे, त्या संगमावर तारांनी तोलून धरलेला पूल आहे, मराठीतला पहिला ग्रंथ जिथं रचला गेला असं इकडची माणसं छातीठोक सांगतात ती टेकडी आहे, आणि हे सगळं एका तालुक्यात, सायकलच्या टप्प्यात! आणि रस्ते रिकामे! रिकामे म्हणजे खरंच रिकामे! एका बाजूला तूर, दुसऱ्या बाजूला कापूस, मध्ये तुम्ही, आणि समोरून फार तर एक बैलबंडी!

आधीच सांगते, यातलं मला काही कळत नाही. मी इतिहास शिकलेली नाही आणि खेळाडूही नाही. ताम्रपटावरचं एक अक्षर मला लावता येत नाही, आणि मागच्या चक्राला दात किती असावेत यावर दोन सायकलवाले वाद घालू लागले की मी गुपचूप ऐकत बसते. मी फक्त बघून आले आहे! आणि बघून आल्यापासून मला घरात बसवत नाही, म्हणून तुम्हाला हाताला धरून नेते आहे. चला!

हे वेड लागलं टीव्हीमुळे. जुलै महिना, बाहेर झड लागलेली, आणि टीव्हीवर 'टूर द फ्रान्स' चाललेली. तुम्ही कधी बघितली आहे का? बघाच! शर्यत कोण जिंकतंय ते मला आजही पटकन कळत नाही, पण ती गावं! सायकलवाले एका गावात शिरतात, दगडी घरं, चर्चचा मनोरा, चौकातलं कारंजं, बाहेर पडले की सूर्यफुलांची शेतं, आणि मग वरून हेलिकॉप्टर एका जुन्या वाड्याभोवती हळूच गोल फिरतं, आणि मग समालोचक शर्यत सोडून त्या वाड्याचा इतिहास सांगू लागतो! कुणी बांधला, कोण राहून गेलं, सगळं! मला इतकी गंमत वाटली! ही शर्यत 1903 मध्ये एका वर्तमानपत्रानं आपला खप वाढवायला सुरू केली होती. 'लोतो' त्याचं नाव. तो कागद पिवळा असायचा, म्हणून 1919 पासून पुढे असलेल्या स्वाराला पिवळी बंडी! म्हणजे पेपर विकायला काढलेली युक्ती, आणि शंभर वर्षांनंतर सगळं जग त्या देशाची खेडी नावानिशी ओळखतं!

आणि मग माझ्या डोक्यात शिरलं की असं हेलिकॉप्टर कुहीवरून फिरलं तर खाली काय काय दिसेल?

झालं! तेव्हापासून मी नकाशा घेऊन बसले!

पण आधी सायकलीचं सांगू द्या, कारण तिथंही एक नवल आहे. एका नातलगानं मला त्याची रोड सायकल दिली. वाकडं हँडल, बोटभर रुंदीचे टायर, आणि वजन इतकं कमी की मी एका हातानं उचलली आणि मलाच हसू आलं! पायडल थांबवलं की मागून बारीक टिकटिक येते, उन्हात वाळत घातलेल्या तुरीच्या शेंगा तडकतात तशी! ती टिकटिक ऐकायला मिळावी म्हणून मी उतार आला की पाय थांबवते! आणि त्या टायरचा वॉल्व्ह बघा, सुईसारखा बारीक, टोकाला एक इवलीशी पितळी चकती, ती फिरवून सैल केली की मगच हवा जाते. याला म्हणतात प्रेस्टा वॉल्व्ह, आणि त्याचं दुसरं नाव काय असेल? फ्रेंच वॉल्व्ह! म्हणजे कुहीच्या चौकात पंक्चरच्या दुकानासमोर उभी राहून मी फ्रान्सच हातात धरला होता! दुकानातल्या दादांनी पंप लावून बघितला, तोंड बसेना. मग चष्मा कपाळावर चढवून ते वॉल्व्ह निरखत म्हणाले, "मस्त चीज आहे जी! पण इले टोपी पायजे." टोपी म्हणजे अडॅप्टर. बोटाच्या पेरापेक्षाही लहान पितळी तुकडा, तो वर फिरवून बसवला की नेहमीचा पंप चालतो! तेव्हापासून ती टोपी माझ्या खिशात असते आणि मी अधूनमधून हात घालून ती आहे ना ते चाचपते.

आणि मग निघायचं! पहाटे! हिवाळ्यात! कुही सोडलं की मांढळचा रस्ता धरायचा, आणि इथं मला वेग-बिग काही सांगू नका, कारण दर दोन मिनिटांनी थांबावंसं वाटतं! धुकं खाली बसलेलं असतं आणि त्यातून फक्त तुरीचे शेंडे वर आलेले असतात. गव्हाला पाणी दिलेलं असतं, त्याचा गार वास रस्त्यावर येतो. कुणीतरी शेकोटी पेटवलेली असते, तिथली माणसं मान वळवून बघतात, आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "ताई, कुठं चालल्या जी?" मी ओरडून सांगते, "अंभोऱ्याले!" आणि मागून आवाज येतो, "सायकलनं? काहून, गाडी नाही काय?" आणि मग दुसरा म्हणतो, "अरे, जाऊ दे नं, मस्त चालल्या!" आणि मला आणखी जोर चढतो!

एका सकाळी बांधाच्या कडेला निळं काहीतरी दिसलं. निळं! पिवळं नाही, हिरवं नाही, निळं! उतरले. जवस होता! जवसाच्या चटणीशिवाय मी जेवत नाही, आणि जवसाचं फूल असं पाच पाकळ्यांचं, पातळ, फिकट निळं असतं हे मी इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं! आणि मग शेतातल्या आजी म्हणाल्या, "आता पाह्यलं म्हणून दिसलं, दुपारी आलं असतं तं फूलच नाही." खरंच! जवसाचं फूल सकाळी उमलतं आणि दुपारपर्यंत पाकळ्या गळून जातात, दुसऱ्या दिवशी नवी फुलं! म्हणजे हा निळा रंग पहाटे उठणाऱ्यांसाठीच आहे! घरी येऊन वाचलं तर काय, धाग्यासाठीचा जवस जगात सगळ्यात जास्त पिकतो तो फ्रान्समध्ये, नॉर्मंडीच्या बाजूला! ते त्याच्या देठापासून लिनन काढतात, आपण त्याच्या दाण्यापासून तेल आणि चटणी. ज्या शेतांवरून ते हेलिकॉप्टर फिरतं तिथलं पीक माझ्या डब्यात! मला हे कळलं तेव्हा मी शेजारणीला हाक मारून सांगितलं!

मांढळ! आता मांढळला काय काय सांगू! आधी नाकाला कळतं. मिरची! हंगामात इथं मिरचीचे सातरे लागतात, म्हणजे लालभडक मिरचीचे ढीग आणि त्याभोवती गोल बसून देठ खुडणाऱ्या बाया. पदर नाकाला बांधलेला, बोटं चाललेली, आणि गप्पा त्याहून जोरात! मी सायकल टेकवली आणि चार शिंका दिल्या, आणि सगळा सातरा हसला. एक जण म्हणाली, "हात लावा जी, पण डोयाले लावू नका!" शेजारच्या भिवापूर तालुक्याची मिरची तर भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे, आणि या सगळ्या पट्ट्यात मिरची हे पोट भरणारं पीक आहे. हाताची आग रात्रीपर्यंत जात नाही असं त्या बायांनी सांगितलं. हसत सांगितलं, पण मी त्यांची बोटं बघितली. दुकानातून तिखट घेताना आता मला ती बोटं आठवतात.

आणि मग याच मांढळच्या मातीतून वाकाटक निघाले! वाकाटक! अजिंठ्याची उत्तम लेणी ज्यांच्या काळात कोरली गेली तेच घराणं! त्यांची मोठी शाखा इकडं, रामटेकजवळच्या नंदिवर्धनला, म्हणजे आजच्या नगरधनला होती. मांढळला त्यांचे ताम्रपट सापडले, आणि 1970 च्या दशकात नागपूर विद्यापीठाच्या पुरातत्त्व विभागानं इथल्या टेकाडांवर खोदकाम केलं तेव्हा विटांच्या देवळांचे पाये आणि दगडी मूर्ती मिळाल्या. त्यात अनेक मुखांचा एक शिव आहे! त्या काळी अशी मूर्ती कुणी घडवली, तेही मांढळला! आणि ताम्रपट म्हणजे नुसता पत्रा नव्हे हो! दोन-चार पत्रे, एका बाजूला भोक, त्यातून कडी ओवलेली, आणि आत राजानं कुणाला कोणती जमीन दिली त्याचा मजकूर. आपला सातबाराच तो, फक्त तांब्याचा! आणि अक्षरं? प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक छोटी चौकोनी पेटी! म्हणून त्या लिपीला पेटिकाशीर्षक ब्राह्मी म्हणतात. मला वाचता येत नाही, पण ती अक्षरं बघत मी किती वेळ बसले असेन! कोणी तरी छिन्नीनं, तांब्यावर, प्रत्येक अक्षराला पेटी काढत बसला होता! घाई नव्हतीच त्याला!

रुद्रसेन दुसरा, म्हणजे चंद्रगुप्त विक्रमादित्याची मुलगी प्रभावतीगुप्ता हिचा नवरा, त्याचाही एक ताम्रपट मांढळचाच! पाटलीपुत्राची राजकन्या विदर्भाची सून झाली, नवरा गेल्यावर मुलं लहान म्हणून तिनं राज्य चालवलं, आणि या सगळ्या गोष्टीचा एक धागा जिथून सापडतो त्या गावात मी आलुबोंडा आणि रस्सा खात उभी होते! रस्सा तिखट, डोळ्यांत पाणी, समोर बाजाराची गर्दी, आणि मला राहून राहून वाटत होतं की टपरीवाल्या काकांना विचारावं, "तुम्हाला ठाऊक आहे ना?" विचारलंच! ते म्हणाले, "मांढळ लय जुनं गाव आहे ताई, कोणाले सांगता!"

आता अडम. नाव ऐकलं होतं? अ-ड-म! कुही तालुक्यातलंच गाव. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानं 1988 पासून पुढची काही वर्षं इथं खोदकाम केलं, अमरेंद्र नाथ यांच्या देखरेखीखाली, आणि निघालं काय? शहर! मातीचा तट, तटाबाहेर खंदक, आत वस्तीचे थरावर थर, सातवाहनांच्याही आधीपासूनचे! नाणी निघाली, मौल्यवान दगडांचे मणी निघाले, ढिगांनी! आणि एक मातीची मुद्रा निघाली, तिच्यावर ब्राह्मीत 'असक जनपद' असं लिहिलेलं! आता हे वाचून तुम्ही उठून उभे राहिला नसाल तर पुन्हा वाचा! बुद्धाच्या काळातली जी सोळा महाजनपदं आपण शाळेत पाठ केली, अंग, मगध, काशी, कोसल, त्यातलं विंध्याच्या दक्षिणेकडचं एकच, अश्मक! पाली ग्रंथांत त्यालाच अस्सक म्हणतात. त्याच्या नावाची मुद्रा या धानाच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधून! चौथी-पाचवीच्या पुस्तकात मला वाटायचं की ही सगळी जनपदं कुठे तरी फार लांब, गंगेकाठी असतात.

तिथं गेल्यावर पाटी-बिटी शोधत बसू नका. उंचवटा दिसतो, गवत असतं, शेळ्या चरत असतात. पण सायकल कडेला लावून त्या उंचवट्याकडे नुसतं बघत राहा, कारण तो उंचवटा निसर्गानं केलेला नाही! माणसांनी टोपल्या टोपल्या माती टाकून उभा केलेला तट आहे तो! सायकलीचा इथं एक फायदा आहे जो मोटारीत कळत नाही. जमीन जराशी चढली तरी मांड्यांना कळतं! रस्ता सपाट दिसतो, पाय सांगतात की चढ आहे, आणि मग मान वर करून बघितलं की जुनी वस्ती! आता मला तालुक्यातलं प्रत्येक टेकाड संशयास्पद वाटतं!

आणि मग अंभोरा! इथं मी तुम्हाला जरा जास्त वेळ थांबवणार आहे, तक्रार करू नका!

वेलतूर मागे पडतं आणि हवेत पाण्याचा वास येतो. आधी काही दिसत नाही, नुसतं आभाळ मोठं होतं. आणि मग एका वळणावर पाणी, पाणी, पाणी! वैनगंगा, कन्हान, आंब, मुर्झा, कोलारी, पाच नद्या इथं एकत्र येतात, आणि गोसीखुर्द धरणाचं पाणी इथपर्यंत फुगलेलं असल्यामुळे कोणती कुठली ते ओळखू येत नाही! काठाला डोंगे बांधलेले, जाळी वाळत टाकलेली, पलीकडे भंडारा जिल्हा. पूर्वी त्या काठाला जायचं तर डोंग्यानंच. आता 2024 पासून पूल आहे, आणि तो कसला पूल! उंच मनोरे, मनोऱ्यांपासून दोन्ही बाजूंना तिरक्या ताणलेल्या तारा, आणि वर, अगदी वर, माणसांना उभं राहून बघता येईल अशी गॅलरी! मी सायकल हळूहळू पुलावर घेतली. तारांच्या सावल्या रस्त्यावर पडलेल्या, उजेड-सावली, उजेड-सावली, चाकाखालून सरकत होत्या, आणि खाली पाणी, आणि मी मोठ्यानं हसत होते! पुलावर सेल्फी काढणारी पोरं माझ्याकडे बघायला लागली. एकानं विचारलं, "मावशी, केवढ्याची आहे सायकल?" हा प्रश्न मला प्रत्येक गावात विचारला गेला आहे! किंमत ठाऊक नाही म्हटलं तर कुणाचा विश्वास बसत नाही!

टेकडीवर चैतन्येश्वराचं देऊळ आहे. पायऱ्या चढून जा. वरून पाच नद्यांचं पाणी बघा, आणि मग आठवा की मुकुंदराज इथं राहिले आणि 'विवेकसिंधु' इथंच पूर्ण झाला अशी इकडची पक्की समजूत आहे. शके 1110, म्हणजे 1188! 'ज्ञानेश्वरी' 1290 ची. म्हणजे शंभर वर्षं आधी! मराठीत तत्त्वज्ञान सांगणारा ग्रंथ! अंबाजोगाईकर म्हणतात मुकुंदराज आमचे, तिथं त्यांची समाधी दाखवतात. अंभोऱ्याची माणसं म्हणतात आमचे, आणि परमगुरू हरिनाथांची समाधी दाखवतात. अभ्यासकांचा वाद जुना आहे, काळावरूनही आहे, आणि त्यात पडायला मी कोण! पण मी त्या टेकडीवर उभी होते, वारा होता, घामानं भिजलेली पाठ गार पडत होती, आणि मला एवढंच दिसत होतं की लिहायला बसावं अशी ही जागा आहे. माझं मत विचाराल तर अंभोरा! पुरावा विचारू नका, जाऊन या!

खाली उतरलात की मासे खा. झिंगे मिळाले तर झिंगे! माळकरी असाल तर भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. एवढी सायकल मारल्यावर ठेच्याची चव काही वेगळीच लागते, ही गोष्ट मला आत्तापर्यंत कुणीच का सांगितली नव्हती!

पण या पाण्याकडे बघताना एक गोष्ट विसरायची नाही. या पाण्याखाली गावं आहेत. गोसीखुर्दचं भूमिपूजन 1988 मध्ये पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते झालं, धरणाला 33 दरवाजे आहेत, आणि त्यामागे साठलेल्या पाण्यात कुही, भिवापूर, पवनी, भंडारा या तालुक्यांतल्या कितीतरी गावांची शेतं आणि घरं गेली. सायकलवर जाताना पुनर्वसनाची गावं लगेच ओळखू येतात. रस्ते सरळ, घरं ओळीत, आणि झाडं लहान. मोठी झाडं जुन्या गावाबरोबर गेली. अशाच एका गावात पाणी प्यायला थांबले तर एक आजोबा पाण्याकडे हात करून म्हणाले, "आमचं देऊळ तिकडं होतं." उन्हाळ्यात पाणी उतरलं की काही ठिकाणी जुने अवशेष उघडे पडतात असंही त्यांनी सांगितलं. दोन हजार वर्षांपूर्वीच्या गावासाठी मी इतकी धावपळ करत होते, आणि हे गाव तर या आजोबांच्या लग्नाच्या वरातीचं होतं. मी तिथं बराच वेळ बसले. चहा त्यांनीच पाजला, पैसे घेतले नाहीत.

त्या चहावरून एक सांगते. फ्रान्समध्ये 'पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस' नावाची एक सायकलफेरी आहे, 1891 पासूनची, आता चार वर्षांतून एकदा होते. 1200 किलोमीटर, 90 तासांत! शर्यत नाही, बक्षीस नाही, वेळेत पोचायचं एवढंच. आणि वाटेवरच्या खेड्यांतली माणसं रात्री-अपरात्री घरासमोर टेबल मांडून बसतात, येणाऱ्या अनोळखी सायकलवाल्यांना पाणी, कॉफी, खायला देतात! हे वाचून माझे डोळे भरून आले. कारण मला ती माणसं ठाऊक होती! ती वेलतूरच्या वाटेवर राहतात! त्यांनी टेबल मांडलेलं नसतं एवढंच, बाज टाकलेली असते!

आणि अशा लांबच्या फेऱ्या आपल्याकडेही होतात, त्यांना ब्रेव्हे म्हणतात. 200 किलोमीटर साडेतेरा तासांत, 300 वीस तासांत, पुढे 400, पुढे 600! नागपुरात हे करणारे पुष्कळ आहेत. नागपूरचे डॉ. अमित समर्थ तर 2017 मध्ये अमेरिका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकट्यानं सायकलनं पार करून आले, आणि 2018 मध्ये मॉस्कोपासून व्लादिवोस्तोकपर्यंतची नऊ हजारांहून जास्त किलोमीटरची सैबेरियातली शर्यतही त्यांनी पूर्ण केली! असा माणूस आपल्या शहरातला! मला ते जमणार नाही आणि मला त्याचं काही वाटत नाही. मला कुही ते अंभोरा पुरेसं आहे!

पवनीचं मात्र सांगितल्याशिवाय सोडणार नाही! ती भंडारा जिल्ह्यात, भिवापूरवरून पुढे. जाताना नागपूर-नागभीडचा जुना रूळमार्ग सोबतीला असतो, 1908 ची छोटी गाडी, जी 2019 मध्ये रुंदीकरणासाठी थांबली. त्या गाडीतून आजोळी गेलेली माणसं तिकडच्या प्रत्येक टपरीवर भेटतात, आणि प्रत्येकाची गोष्ट ऐकण्यासारखी! आणि मग पवनी! गावाला तट, तटाला खंदक, वैनगंगेला घाटावर घाट, इतके की लोक तिला विदर्भाची काशी म्हणतात! आणि 1969-70 च्या खोदकामात इथं बौद्ध स्तूप निघाला, जगन्नाथाच्या देवळाच्या टेकडीखाली! देवळाखाली स्तूप! त्यातल्या एका शिल्पावर मुचलिंद नागाचं नाव कोरलेलं, त्याच नागाचं, ज्यानं पावसात बुद्धावर फणा धरला होता! खालच्या थरात स्तूप, वर देऊळ, आणि बाजूला माझी सायकल भिंतीला टेकलेली. मी तिचा फोटो काढला, तो आता आमच्या फ्रीजवर लावला आहे!

आता कामाचं ऐका. दिवाळी झाली की निघा, फेब्रुवारीपर्यंत उत्तम. पुढे ऊन चढलं की या भागात सायकल नको. रोड सायकल नसली तरी चालेल, घरातली साधी सायकल तेल-पाणी करून घ्या, मी तिच्यावरही मांढळपर्यंत गेले आहे आणि मजा तेवढीच आली! बारीक वॉल्व्ह असेल तर ती पितळी टोपी खिशात ठेवा. सुट्टे पैसे ठेवा. जंगलाच्या बाजूला जाऊ नका, कारण गोठणगावच्या अंगाला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य आहे आणि तिथं वाघ आहेत, खरेखुरे! 'जय' नावाचा तो प्रसिद्ध वाघ 2013 मध्ये नागझिऱ्याहून चालत याच जंगलात आला होता. म्हणून पहाट झाल्यावर निघायचं, आणि दिवस मावळायच्या आत घरी.

आणि अडमला, मांढळला, पवनीला खापराचा तुकडा किंवा मणी पायाशी दिसला तर हात लावू नका, तिथंच राहू द्या. तो कोणत्या थरात होता यावरूनच त्याचं वय कळतं, आपल्या शोकेसमध्ये गेला की तो मुका झाला. गावातल्या पोरांनाही हे सांगा. पोरं ऐकतात, मी सांगून बघितलं आहे, आणि एकीनं मला उलट विचारलं की मग खाली अजून काय काय असेल!

एवढंच. रविवारी सकाळी कुहीच्या चौकात, त्या पंक्चरच्या दुकानासमोर मी असते. या!